खड्डा क्रमांक चारशे सतरा

आसगावहून लाखांदूरला सायकलने जाणाऱ्या माणसाला वाटेत तीन ठिकाणी वाट विचारावी लागते, ही गंभीर बाब १९७८ साली प्रथमच लक्षात आली. तोपर्यंत लोक वाट विचारत होते, समोरचा सांगत होता आणि माणूस पोचत होता. मास्तर शाळेत पोचत, कापडवाला बाजारात पोचे, मुलगी पाहायला निघालेले पाहुणे चहाच्या वेळेला बरोबर पोचत. पण या सगळ्याची नोंद कुठेच नव्हती. नोंद नसताना माणसं पोचतात म्हणजे ती योगायोगानेच पोचत असणार, असा निष्कर्ष एका बैठकीत निघाला आणि भंडाऱ्याला 'दीर्घ पल्ला सायकल मार्ग कक्ष' स्थापन झाला. कक्षाला एक साहेब, एक मोजणी सहायक, दोन सायकली आणि हवा भरायचा अर्धा पंप मिळाला. अर्धा, कारण तो दुसऱ्या एका कक्षाशी सामायिक होता आणि आळीपाळीने वापरायचा होता.

कक्षाचं काम सोपं होतं. मार्ग मोजायचे, पाट्या लावायच्या आणि नकाशा छापायचा. मोजणीसाठी मे महिना निश्चित करण्यात आला. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, कार्यालयाच्या सायकली रुततात आणि हिवाळ्यात साहेब अहवाल लिहितात. तेव्हा मे. भर उन्हात टोपीखाली ओला रुमाल ठेवून मोजणी सहायक श्यामराव मार्ग क्रमांक चारवर निघाले, आणि मोहटोल्याच्या फाट्यावर येऊन थांबले.

गावाचं नाव मी बदललं आहे. का, ते पुढे कळेल.

या फाट्यावर मोहाच्या झाडाखाली शकुनबाई बसे. समोर मुरमुऱ्या-फुटाण्याची टोपली, बाजूला पाण्याचं मडकं. धंदा फुटाण्यांचा, पण खरं काम वाट सांगण्याचं. त्या भागात वाट नुसती सांगून माणसाला सोडून देत नाहीत. सांगणारा उठतो, पुढच्या वळणापर्यंत सोबत चालतो आणि तेवढ्यात तुमचं गाव, गोत आणि पगार विचारून घेतो. शकुनबाईही तसंच करी. फाट्यापासून वळणापर्यंतच्या शंभर पावलांत तिने अर्ध्या जिल्ह्याच्या सोयरिकी जुळवल्या होत्या.

"बाई, लाखांदूरची वाट कोणती?" श्यामरावांनी विचारलं.

"कोन्या महिन्यात जाऊन राहिले जी?"

"कोणत्या महिन्यात म्हणजे? आत्ता जातोय."

"आत्ता जायचं तं सरळ जा. तलाव सुका हाय. तलावाच्या पोटातून गेले का पल्याड निंगता. मिरग लागल्यावर मात्र डाव्या हातानं पाळीवरून जा लागते, गावातून. तेव्हा सरळ नोका जाऊ बापा."

श्यामराव प्रामाणिक माणूस होते. त्यांनी छापील तक्ता काढला. तक्त्यात पासून, पर्यंत, अंतर, पृष्ठभाग आणि शेरा असे रकाने होते. महिना हा रकाना नव्हता. शेऱ्याचा रकाना साहेबांसाठी राखीव होता. त्यांनी सरळ जाऊन मोजलं आणि पृष्ठभागाखाली लिहिलं: 'सपाट, कठीण, खड्डे नाहीत, उत्तम.' साहेबांनी शेरा मारला: 'जिल्ह्यातील सर्वोत्कृष्ट टप्पा.' आणि ते खरंच होतं. साठ एकरांचा सुकलेला तलाव. इतका सपाट रस्ता त्या जिल्ह्यात तेव्हा कोणीच बांधला नव्हता.

मग पाट्या आल्या. मंजूर नमुन्यात 'लाखांदूर २२ कि.मी.' असं लिहून उजवीकडे बाण काढलेला होता, म्हणून चाळीसच्या चाळीस पाट्यांवर लाखांदूर बावीस किलोमीटर आणि बाण उजवीकडे आला. जिथे लाखांदूर डावीकडे होतं तिथे काय करायचं, हा प्रश्न उपस्थित झाला. बाण बदलणं म्हणजे नमुन्यात बदल, आणि त्याला वरची मंजुरी लागते. तेव्हा तिथली पाटी उलट तोंडाने रोवण्यात आली. बाण बरोबर लाखांदूरकडे झाला. फक्त तो लाखांदूरहून परत येणाऱ्यालाच दिसे. सरळ जायच्या ठिकाणी पाटी कशी लावायची यावर आठवडाभर खल झाला आणि ती वाटेच्या मधोमध रोवावी असं ठरलं, म्हणजे समोर पाटी दिसली की माणूस समजून घेईल. अशी एक पाटी तलावाच्या पोटात, बरोबर मध्यावर, सिमेंटात घट्ट बसवली. कक्षाच्या सर्व कामांत तेवढंच एक काम पक्कं झालं.

जूनमध्ये मृग लागला आणि श्रावणापर्यंत तलाव भरला. पाटी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. तिच्यावर बगळा येऊन बसे आणि पाटी म्हणे, लाखांदूर बावीस किलोमीटर. लोक आपले शकुनबाईच्या मागे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जात आणि पोचत.

आश्विनात साहेब पाहणीला आले. जीप पाळीवर थांबवून त्यांनी नकाशा पाहिला, मग पाणी पाहिलं, मग पुन्हा नकाशा पाहिला. नकाशात पाणी नव्हतं.

"हे पाणी केव्हापासून आहे?" त्यांनी विचारलं.

पुंडलिकराव तिथे उभे होते. मोहटोल्याच्या पाणीवाटप समितीचे ते अध्यक्ष, आणि तीन एकर धानाचे मालक. "माह्या आज्याच्या आज्याच्या येळचा तलाव हाय जी," ते म्हणाले.

"मार्ग चार महिन्यांपूर्वी अधिकृत झाला आहे. तलाव कधी अधिकृत झाला?"

तलावाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांत दोन नोटिसा आल्या. पहिली शकुनबाईला. 'आपण मौजा मोहटोला येथील फाट्यावर बसून, कोणताही अधिकार नसताना, सायकलस्वारांना तोंडी अथवा हातवारे करून दिशा दाखवता. त्यामुळे अधिकृत मार्गावरील रहदारी शून्यावर आली आहे. यापुढे आपण अथवा गावातील कोणीही असे दिशादर्शन केल्यास कारवाई करण्यात येईल.' तिला वाचता येत नव्हतं. पुंडलिकरावांनी वाचून दाखवली.

"म्हंते काय?" तिने विचारलं.

"वाट सांगू नोको म्हंते."

"मंग कोणी इचारल्यावर काय करू?"

"काई करू नोको."

"मानूस पाण्यात जाईन ना जी!"

"त्याचं कागदात काई नाही लिहिलं."

शकुनबाईने नोटीस घडी करून फुटाण्यांच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिने तोंडही उघडलं नाही आणि हातही वर केला नाही. कोणी वाट विचारली की ती काही न बोलता उठे आणि पाळीच्या दिशेने चालू लागे. बाई आपल्या पायाने कुठे जाते याला मनाई नव्हती. मागून कोण सायकल हातात धरून येतं, हा तिचा प्रश्न नव्हता. लोकांच्या सोयरिकी मात्र त्या वर्षी जरा मागे पडल्या.

दुसरी नोटीस पुंडलिकरावांना होती आणि तिच्यामुळे त्यांचं अन्नपाणी तुटलं. 'अधिकृत मार्गावर झालेले पाण्याचे अतिक्रमण पंधरा दिवसांत दूर करावे, अन्यथा कक्षामार्फत तलावाचा तुडूम उघडून पाणी सोडून देण्यात येईल.' तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीखालची, पाणी सोडायची मोरी. गावाचा सगळा जीव त्या मोरीत. दीडशे एकर धान निसव्यावर आलं होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. तलावाच्या दोन पाण्यांवर ते पिकणार होतं. ते पाणी आज सुटलं असतं, तर लोंबीत दाणा न भरता नुसतं फोल राहिलं असतं आणि ऐंशी घरांनी वर्षभर दुसऱ्याच्या घरचा भात पाहिला असता.

पुंडलिकराव एस. टी. धरून भंडाऱ्याला गेले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर काही उपाय तरी निघाला असता.

"साहेब, वाट बदला. पाळीवरून दाखवा. इतकंच."

"नकाशा छपाईला गेला आहे. दुरुस्ती करायची तर जागेवर पडताळणी झाली पाहिजे."

"मंग करा ना जी पडताळणी. आजच चला."

"पडताळणी मे महिन्यात होते."

"मे महिन्यात पाणी नसते, साहेब."

"म्हणजे मे महिन्यात मार्ग बरोबर असतो," साहेब समाधानाने म्हणाले. "बघा, तुम्हीच सांगितलंत. मी हे तुमचं निवेदन म्हणून नोंदवून घेतो."

आपल्याच तोंडाने आपलं पाणी घालवून पुंडलिकराव बाहेर आले आणि आवारातल्या चहाच्या टपरीपाशी डोकं धरून बसले. तिथे श्यामराव भेटले. त्यांना रकाना नसल्याची खंत पाच महिने खात होती. त्यांनी स्वतःच्या पैशाने दोन चहा मागवले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, ते पाणी आहे असं म्हणू नका. खड्डा आहे म्हणा."

"खड्डा?"

"मार्गावर खड्डा पडला आहे, त्यात पाणी साचलं आहे, तो ताबडतोब बुजवावा, असा अर्ज द्या."

पुंडलिकराव दचकले. "अन बुजवला तं? माह्या आज्याचा तलाव हाय तो!"

श्यामरावांनी बशीत चहा ओतला. "मी या कक्षाच्या आधी बारा वर्षं रस्त्याच्या कामावर होतो," ते म्हणाले. "खड्ड्यांची नोंदवही माझ्याकडे होती. चारशे सोळा खड्डे आहेत तिच्यात. माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला पहिला खड्डा अजून जागेवर आहे, मी मुद्दाम जाऊन पाहून येतो कधीकधी. भाऊ, या जिल्ह्यात देवळाला धक्का लागेल, शाळेला लागेल, पण नोंदलेल्या खड्ड्याला लागणार नाही."

अर्ज दाखल झाला. 'मार्ग क्रमांक चारवर मौजा मोहटोला येथे खड्डा पडलेला असून त्याची लांबी दोन हजार फूट, रुंदी तेराशे फूट व खोली मध्यभागी सहा फूट आहे. तरी तो बुजवण्याची कृपा व्हावी.' अर्जदार म्हणून पुंडलिकरावांची सही होती. खड्ड्याला चारशे सतरा क्रमांक मिळाला. एकच पाणी दोन नोंदवह्यांत असू शकत नाही, म्हणून अतिक्रमणाची नोटीस आपोआप रद्द झाली. 'खड्ड्याबाबत यथावकाश कार्यवाही' असा शेरा पडला. तो शेरा पाहून पुंडलिकरावांनी गावात पेढे वाटले.

त्या वर्षी धान उत्तम झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही झालं. पुंडलिकराव दरवर्षी आश्विनात एक स्मरणपत्र पाठवत, 'खड्डा अद्याप बुजवलेला नाही,' आणि दरवर्षी उत्तर येई, 'बाब विचाराधीन आहे.' ते उत्तर आलं की गाव निश्चिंत होऊन तुडूम आपल्या हिशेबाने थोडा थोडा उघडी आणि बांध्यांना पाणी देई. अशी आठ वर्षं गेली. मधल्या काळात रंगीत नकाशा छापून आला. त्यात मार्ग क्रमांक चार लाल रेघेने, अगदी सरळ, मोहटोल्याच्या छातीवरून गेलेला होता.

इथे मला या हकिकतीत यावं लागतं, कारण १९८६च्या ऑक्टोबरात तो नकाशा घेऊन मीच तिथे गेलो.

मी नागपूरला एका कार्यालयात आवक-जावक पाहतो. सुट्टीत लांबवर सायकल चालवण्याचा मला नाद आहे. नकाशा प्लास्टिकमध्ये घालून हॅण्डलला बांधलेला होता. त्यावर आणि पाट्यांवर भरवसा ठेवून मी सकाळपासून तीन वेळा आसगावला परत आलो होतो, पण त्यात मला माझीच चूक वाटली. चौथ्यांदा मोहटोल्याच्या फाट्यावर पोचलो. झाडाखाली एक म्हातारी बसली होती.

"आजी, लाखांदूरला हाच रस्ता ना?" मी विचारलं. विचारणं ही केवळ सभ्यता होती. मला उत्तराची गरज नव्हती.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, मडक्यातलं पाणी दिलं आणि एक शब्दही न बोलता उठून डावीकडे चालू लागली. थोडं पुढे जाऊन तिने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, शेण गोळा करायला निघाली असेल. लाल रेघ सरळ होती. मी सरळ गेलो. उतार होता, वेग चांगला मिळाला.

मला पुंडलिकरावांनी बाहेर काढलं. सायकल काढायला चार माणसं लागली. त्यांनी मला आपल्या घरी नेलं, कोरडं धोतर दिलं, सौभाग्यवती कौशल्याबाईंनी गरम भात आणि आंबील वाढली. जेवता जेवता पुंडलिकरावांनी मला हे सगळं सांगितलं. मग पाळीवर नेऊन तलाव दाखवला, खाली निसवलेलं धान दाखवलं. मी विचारलं म्हणून बेशरमाच्या झुडपांत दडलेला तुडूमही दाखवला. बाहेरच्या माणसाने तो तोवर पाहिला नव्हता.

"एकच इनंती हाय जी," ते म्हणाले. "कोठी लिहू-बिहू नोका. आमी कायले लपवून राहिलो, ते तुमी पाहिलंच. खड्डा निवांत हाय तोवर आमी निवांत."

माझे डोळे भरून आले. मी त्यांचे हात हातात घेतले आणि शब्द दिला.

नागपूरला आल्यावर दोन दिवस मला सर्दी होती. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि कर्तव्याची जाणीव झाली. गावाला दिलेला शब्द ही खासगी बाब आहे, पण मार्ग हा सार्वजनिक आहे, असं मला वाटू लागलं. शिवाय माझ्या हातातलं घड्याळ बंद पडलं होतं. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. 'मार्ग क्रमांक चारवरील प्रचंड खड्डा आठ वर्षे बुजवला गेलेला नाही, झोप केव्हा उडणार?' गावाचं नाव मी सौजन्य म्हणून दिलं नाही, फक्त खड्ड्याचा क्रमांक दिला. खाली सही केली: 'एक जागरूक वाचक.' पत्र चौकटीत छापून आलं. कार्यालयातल्या सात जणांनी मला ते वाचून दाखवलं आणि असं लिहिणारा कोणीतरी पाहिजे म्हणाले.

आणि मग जे कधी होत नाही ते झालं. दखल घेण्यात आली. खड्डा बुजवायचा तर आधी पाणी काढायला हवं, आणि पाणी काढायचं तर तुडूम उघडायला हवा. आदेश निघाला, पाणी तात्काळ सोडा. तीन माणसं पहारी घेऊन सायकलींवर मोहटोल्याला रवाना झाली. पाट्या पाहत गेल्यामुळे त्यांना पाच दिवस लागले.

पाण्यापर्यंत ती पोचली. पण तुडूम कुठे? सबंध पाळीवर बेशरम माजलेलं. नकाशात पाहावं तर नकाशात तलावच नाही, मग त्याचा तुडूम कुठून असणार? ती फाट्यावर परत आली.

"ए बाई, तुडूम कोणत्या बाजूला आहे?"

शकुनबाईने फुटाण्यांच्या डब्यातून आठ वर्षं जपलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. मग तोंड मिटून घेतलं आणि हात पदराखाली घेतले.

त्यांनी वाचलं. 'आपण अथवा गावातील कोणीही.' खाली आपल्याच कक्षाचा शिक्का.

"बरं, बोलू नको. नुसती चालून दाखव," त्यांच्यातला एक म्हणाला. त्याला कोणीतरी तिची पद्धत सांगितली असावी.

शकुनबाई त्या दिवशी उठली नाही. संध्याकाळपर्यंत बसल्या जागेवरून हलली नाही. गावात जाऊन पाहिलं, तर तिथेही सगळं गाव आपापल्या ओट्यावर बसलेलं. पुंडलिकराव सर्वांत पुढे. त्यांना तर उठताच येईना, असं त्या तिघांनी अहवालात लिहिलं आहे.

परवाच्या वर्तमानपत्रात, माझं पत्र आलं होतं त्याच पानावर, कक्षाचं निवेदन आलं आहे. 'खड्डा क्रमांक ४१७ च्या तुडुमाचे ठिकाण ज्या जागरूक वाचकांस माहीत असेल, त्यांनी ते पोस्टकार्डाने कळवून सार्वजनिक कार्यास हातभार लावावा.'

ठिकाण माहीत असलेला बाहेरचा माणूस एकच आहे. पोस्टकार्ड माझ्यासमोर आहे. पत्ता लिहून झाला आहे. घड्याळही दुरुस्त होऊन आलं आहे, म्हणजे वैयक्तिक आकस म्हणावा तर तो आता उरलेला नाही. उरलं ते निव्वळ कर्तव्य. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं? आम्हा जागरूक वाचकांना उत्तर चटकन सुचतं, हे मला ठाऊक आहे. पण एवढी कृपा करा, घाई करू नका. धान कापणीला यायला अजून बारा दिवस आहेत.